प्रार्थना म्हणजे अर्ज नव्हे

पी. एल. लागली की होस्टेलमध्ये सगळ्यांनाच देव आठवतो. कुणी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलतो, कुणी धुळ्याच्या एकवीरा आईला. एम-थ्री सुटू दे, बस्स!

माझा रूम पार्टनर ख्रिश्चन आहे. रोज रात्री लाइट बंद करून पाच मिनिटं गप्प बसतो. एकदा मेसच्या बिलावरून आमचं जोरदार भांडण झालं. त्या रात्री त्याची प्रार्थना झाल्यावर मी खोचकपणे विचारलं, "काय मागितलंस रे?" तो म्हणाला, "मागितलं काहीच नाही. तुला बोललो ते सांगितलं. सॉरी यार." चूक खरं तर माझी होती!

येशूची शिकवणच तशी आहे. प्रार्थना दार लावून करा, लोकांना दाखवायला नको. आणि वेदीपाशी अर्पण करताना भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर आधी जाऊन समेट करा, मग अर्पण.

हे आपल्याला परकं नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी मराठी भजन-कीर्तन रुजवलं. आपल्या धरणगावचे बालकवी त्यांच्या घरी मुलासारखे राहिले, तेही धर्म न बदलता.

म्हणून वाटतं, पेपरचा निकाल विद्यापीठ लावेल. प्रार्थनेचा निकाल मात्र शेजारच्या कॉटवरचा मित्रच लावतो. तुमचा काय लागेल?