सकाळच्या रस्त्याचा परवाना

वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आपण सगळ्याजणी पाहण्या करतो. फॉर्म छापतो, घरोघरी जातो, रेशनकार्ड, पाणी, संडास, नवऱ्याचा धंदा असे रकाने भरतो. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमातही गृहभेटीवरच भर असतो. पण कष्टकरी बाई घरात सापडते किती वेळ? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात पहाटे साडेपाच ते साडेसात या दोन तासांत ती रस्त्यावर असते. या दोन तासांविषयी आपल्या अहवालांत फारसे काही नसते.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. निगडी प्राधिकरणात राहायला येऊन सहा वर्षे झाली. घरात एक गावठी कुत्री आहे आणि तिला रोज पहाटे फिरवणे माझ्याकडे आहे. कुत्री वास घेत जिथे थांबते तिथे आपल्यालाही थांबावे लागते. काही काम नसताना रस्त्यावर थांबण्याची सवय आपल्याला कुठे असते? हातात साखळी असली की कोणी काही विचारत नाही. त्याच कोपऱ्यावर, त्याच वेळी, एका मैत्रिणीची वाट पाहत मी साखळीशिवाय उभी होते, तर दहा मिनिटांत दोघांनी हटकले, "ताई, कोण पाहिजे?" म्हणजे मला रस्त्यावर उभे राहायचा परवाना होता, तो कुत्रीच्या नावावर! शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या अभ्यासावर आधारलेल्या 'व्हाय लॉयटर?' (२०११) या पुस्तकात हेच मांडले आहे की, बाईला सार्वजनिक जागेत असण्यासाठी सतत कारण दाखवावे लागते. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. या पट्ट्यात कारण दाखवण्याचे परवाने वेगवेगळे आहेत आणि ते देणारेही वेगवेगळे आहेत.

कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या मुली घ्या. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे या चाकणभोवतीच्या गावांत आता शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या आहेत. एकेका खोलीत चार-पाच मुली राहतात, कोणी मराठवाड्यातली, कोणी विदर्भातली, कोणी ओडिशाची. बहुतेकजणी ठेकेदाराकडून लागलेल्या. त्यांतली एक मला म्हणाली, "कार्ड ओढणीच्या वर ठेवायचं. गळ्यात कार्ड दिसलं की कुणी विचारत नाही." ठेका संपला की कार्ड जमा करावे लागते. त्याबरोबर रस्त्यावरचा तिचा परवानाही जातो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा ही वेळ स्त्रियांसाठी मुळात बंद ठेवली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार तिच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर त्या वेळेतही काम देता येते. काम करण्याचा हक्क म्हणून आपण याचे स्वागत करू. पण बस कंपनीची असली तरी खोलीपासून बसपर्यंतचा अंधारातला अर्धा किलोमीटर कोणाच्या जबाबदारीचा? तो ना कंपनी स्वतःचा मानते, ना ग्रामपंचायत.

दुसरा परवाना घरकामगार बाईचा. सोसायटीच्या फाटकावर तिचा फोटो, पास, ॲपमधली नोंद, आणि परत जाताना पिशवीची झडती. एका सोसायटीत मी पाटी वाचली, 'पाळीव प्राणी व कामगारांनी मागील लिफ्ट वापरावी.' महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्यात तिला कामगार म्हटले आहे. फाटकावर मात्र तिची ओळख मालकिणीच्या फ्लॅट नंबरवरून होते.

तिसरी बाई मजूर अड्ड्यावरची. गवंड्याच्या हाताखाली बिगारी काम करणारी. तिच्याकडे कार्ड नाही, पास नाही. डोक्यावरचे घमेले हीच ओळख. शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हापासून तिचा आठवडा नळाच्या वेळेवर बांधला गेला. माझे निरीक्षण असे की, वस्तीत सकाळी पाणी येते त्या दिवशी अड्ड्यावर बाया उशिरा पोचतात, आणि तोवर मुकादम पुरुषांना घेऊन गेलेला असतो. पाणीकपातीचा हिशोब लिटरमध्ये होतो, बुडालेल्या रोजाचा कोणी करत नाही.

चौथी कचरा वेचणारी. माझ्या कुत्रीकडे पाहून गल्लीतली कुत्री शेपटी हलवतात. तिच्या पाठीवरचे पोते पाहून अंगावर धावतात. रखवालदारही तसेच. पण तिच्या परवान्याची गोष्ट वेगळी आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांना पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी मान्यता दिली. हे कार्ड कोणा मालकाच्या मर्जीचे नव्हते. बायांनी संघटना करून ते मिळवले, आणि चोर म्हणून पकडले तर दाखवता येईल असा पुरावा हाती आला. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था पुणे महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

इथे मी आणखी एका बाईला धरते. चाकणच्या कारखान्यांमुळे जर्मनी, कोरिया, जपानमधली कुटुंबे या भागात राहायला येतात. साहेबाच्या बायकोला जोडीदार म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही. तीही सकाळी कुत्रे घेऊन निघते, कारण तेवढेच बाहेर पडण्याचे निमित्त! तिची आणि ओडिशाच्या मुलीची परिस्थिती सारखी आहे असे मी म्हणत नाही. पैशाचे अंतर फार मोठे आहे. दोघीही परक्या मुलखात आल्या, पण एकीला शहर पाहुणी म्हणते आणि दुसरीला 'बाहेरची'. तरीही दोघींचा रस्त्यावरचा हक्क दुसऱ्या कोणाच्या नोकरीला किंवा मर्जीला बांधलेला आहे, हे आपण पाहिले पाहिजे.

मैत्रिणींनो, म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गटाने आपल्या भागात सलग चार दिवस सकाळची पाहणी करावी. दोघी-दोघींनी जावे, फॉर्म नेऊ नये, वस्तीचा हाताने काढलेला नकाशा न्यावा. दिवा कुठे बंद आहे, शौचालयाचे कुलूप किती वाजता उघडते, झाडूवाल्या बाया कुठे जातात, बस कुठे थांबते, बसायला कट्टा आहे का, एवढे टिपावे. टोरांटोमध्ये १९८९ साली स्त्रियांनी अशाच पायी पाहणीतून सुरक्षिततेची तपासणी सुरू केली. आपल्याकडे दिल्लीच्या 'जागोरी'ने ती पद्धत वापरली. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'च्या कार्यकर्त्यांनी मुताऱ्यांचा प्रश्न असाच मोजून मांडला.

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१७ नंतर महापालिकेची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. नगरसेविकेकडे नुसते निवेदन नेण्यापेक्षा तिलाच पहाटे साडेपाचला बरोबर न्यावे. मागण्या साध्या आहेत: शौचालये पाचला उघडा, बसथांब्यापर्यंत दिवे लावा, मजूर अड्ड्यावर शेड, पाणी आणि बायांसाठी संडास द्या, चाकणच्या गावांत खोल्यांपासून हमरस्त्यापर्यंतची वाट ग्रामपंचायतीने आणि कंपन्यांनी मिळून सांभाळा.

आणि एक मागणी निवेदनात मावणारी नाही. कार्ड, पास, घमेले, पोते, साखळी यांतले काहीही हातात नसताना बाईला रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहता आले पाहिजे. पाहणीच्या चार दिवसांतला एक दिवस आपण फक्त त्यासाठी ठेवू. कोणी विचारलेच, "ताई, कोण पाहिजे?" तर सांगू, कोणी नाही, आम्ही इथेच राहतो.