एक पेला काळी बिअर

आमचा पुतण्या जर्मनीतील म्युनिक शहरी नोकरीस आहे. गेल्या नाताळात तो बालाघाटास आला, तेव्हा लोकरी कपड्यांत गुंडाळून त्याने काळ्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. डॅन्यूब नदीच्या काठी वेल्टेनबुर्ग येथे संत बेनेडिक्टच्या संघाचा प्राचीन मठ आहे. तेथील बिअरचा आरंभ इ. स. १०५० इतका जुना सांगतात. त्या मठाचे नाव बाटलीवर होते. रात्रीच्या जेवणापूर्वी आमचे एक जुने स्नेही भेटीस आले आणि बाटली उघडण्याचे ठरले.

पुतण्याने बाटली शीतकपाटातून काढून दहा मिनिटे तशीच ठेवली. फार गार पेयाला वास येत नाही व चवही कळत नाही, असे त्याचे म्हणणे. मग पेला तिरपा धरून त्याने हळूहळू ओतली. प्रथमदर्शनी ती कोऱ्या कॉफीसारखी काळी वाटली. परंतु दिव्यासमोर धरताच कडेला माणकासारखी तांबूस झाक दिसली. वर दुधाच्या भाजक्या सायीच्या रंगाचा फेस होता. नाकाजवळ नेताच ओळखीचा वास आला. चुलीवरच्या भाकरीचा खरपूस पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, उकळत्या गुळाचा पाक आणि अगदी मागे कोठेतरी वाळलेली मोहफुले! पहिला घोट गोडसर, पण जिभेला चिकटणारा नव्हे. मधेच भाजल्या दाण्याचा हलका कडवटपणा येतो आणि शेवटी तोंड स्वच्छ, कोरडे राहते.

हा पापुद्र्याचा वास येतो कोठून? आपल्याकडे बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना जशी नाचणीला मोड आणून ती वाळवतात, तसेच तेथे सातूला मोड आणतात. फिक्या बिअरचा सातू साधारण ८० अंश उष्णतेवर सुकवतात. म्युनिकच्या काळ्या बिअरचा सातू १०० अंशांच्या आसपास भाजतात. भाकरी तव्यावर तांबूस होताना जे घडते, तेच त्या दाण्यात घडते. मग त्याच्या गोड काढ्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात, आणि निवल्यावर तो थंड तळघरात मुरत ठेवतात. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण असा आहे. या जातीचे किण्व थंडीत, सावकाश काम करते. त्यास आठवडेच्या आठवडे लागतात. बव्हेरियाच्या सरदारांनी २३ एप्रिल १५१६ रोजी बिअरमध्ये सातू, हॉप व पाणी यांखेरीज काही घालू नये असा कायदा केला. पुढे १५५३ साली संत जॉर्जच्या सणापासून संत मिखाएलच्या सणापर्यंत, म्हणजे उन्हाळाभर, बिअर करण्यासच बंदी झाली. कारण उष्ण हवेत ती बिघडे.

काळा रंग पाहून आमच्या स्नेह्यांनी ती फार जालीम असावी असा तर्क केला. पुतण्या हसला. रंग भाजण्याचा असतो, नशेचा नव्हे. त्या बाटलीत मद्यार्क शंभरात पाच भागांहूनही कमी होता. उलट बैहर, लांजीकडच्या रानांतील मोहाची दारू पहा. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळलेली फुले बायाबापड्या वेचतात, वाळवतात, मग ती भिजवून आंबवतात व भट्टीवर चढवून वाफेची धार धरतात. ती धार पाण्यासारखी नितळ दिसते, आणि या काळ्या बिअरहून कितीतरी पट कडक असते. गोंड व बैगा बांधवांच्या घरी जन्म, लग्न व मृत्यू या प्रसंगी तिला मान आहे. तिचे पहिले थेंब देवाच्या नावाने भूमीस वाहतात.

बोलण्याच्या भरात आम्हीही आमची विद्वत्ता पाजळली. म्युनिकच्या पाउलानर मठवासीयांची हकीकत आम्ही सांगितली. सतराव्या शतकात उपवासकाळी अन्न वर्ज्य असे, पण पेयाने उपवास मोडत नसे. म्हणून ते याहून दाट व पौष्टिक काळी बिअर करीत. तिला ‘द्रवरूप भाकर’ म्हणतात. ‘साल्वातोर’ या नावाने ती आजही मिळते. आमचे वाक्य पुरे होते न होते तोच पुतण्याने दुसरा पेला भरून स्नेह्यांपुढे धरला. “घ्या काका, मठातली आहे. ही भाकरच समजा.”

स्नेह्यांचा हात पेल्याकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी सहा वर्षांपूर्वी दारू सोडली होती. पुतण्यास हे ठाऊक नव्हते, आम्हांस होते. तरीही आम्ही त्यांच्यासमोर वास आणि चवीचे रसभरीत वर्णन करीत बसलो होतो.

आमच्या आत्याबाई दाराशी बसून वाटाणे सोलीत होत्या. त्यांचे यजमान खाणीत कामाला होते. पगाराच्या दिवशी ते कोठून घरी येत आणि कसे येत, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. चाळिशीतच ते गेले. आत्याबाई उठल्या, पेला हळूच काढून घेतला, आत गेल्या व आल्याचा चहा घेऊन आल्या. पुतण्यास एवढेच म्हणाल्या, “बाळा, भाकर भुकेल्याला वाढावी. हे भुकेले नाहीत.”

स्नेह्यांनी चहा घेतला. हात किंचित थरथरत होता. मग पीकपाण्याच्या गोष्टी निघाल्या. जाताना त्यांनी आत्याबाईंना वाकून नमस्कार केला.

बिअर चांगली होती, यात शंका नाही. भाकरीच्या पापुद्र्याची ती चव आम्हांस अजून आठवते. परंतु ज्याचा घोट एका पेल्यावर थांबू शकत नाही त्यास ती भाकर नव्हे, मग ती मठात केलेली असो की मोहाच्या झाडाखाली. हे जाणत असूनही आम्ही गप्प बसलो नाही, याची आम्हांस लाज वाटली. दुसरे दिवशी सकाळीच आम्ही स्नेह्यांच्या घरी गेलो आणि तसे त्यांस सांगितले.

दुसरी बाटली उघडली नाही. पुतण्या परत जाताना ती आपल्याबरोबर घेऊन गेला.