खाटा आहेत; माणसे कोठे आहेत?

सरकारी कागदपत्रांत रुग्णालयाची ओळख खाटांच्या संख्येने करून देण्याची रीत आहे. तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, पन्नास किंवा शंभर खाटांचे उपजिल्हा रुग्णालय, तीनशे खाटांचे जिल्हा रुग्णालय. आपल्या तालुक्यातील रुग्णालयाची श्रेणीवाढ एखाद्या लोकप्रतिनिधीने मंजूर करून आणली, की 'तिसाचे पन्नास झाले' अशी बातमी छापून येते, चौकात फलक लागतो आणि तालुक्याचा आरोग्याचा प्रश्न वीस खाटांनी सुटला असे समजून सारे आपापल्या उद्योगाला लागतात. खाट म्हणजे लोखंडी पलंग, त्यावर गादी आणि उशाशी सलाइनची बाटली अडकविण्याची सळई. तिच्यावर निजलेल्या माणसाकडे रात्री दोन वाजता पाहणार कोण, याचा हिशेब त्या संख्येत कोठेही धरलेला नसतो.

काही वर्षांपूर्वी, मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथील शिपायाची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रात्री दहाच्या सुमारास कळा सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकताच रुजू झालेला तरुण डॉक्टर होता. तो जागेवर होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याने तपासले, बाळाचे ठोके मंदावत आहेत हे ओळखले, शस्त्रक्रिया लागेल असे सांगितले आणि गाडी करून दिली. ग्रामीण रुग्णालय अठरा किलोमीटरवर होते. तेथे शस्त्रक्रियागृह होते, छताला नवा दिवा होता आणि आश्चर्य म्हणजे प्रसूतितज्ज्ञ बाईही हजर होत्या. नव्हता तो भूलतज्ज्ञ. तो जिल्ह्याच्या गावाहून आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, केसमागे मानधन घेऊन येत असे. ती रात्र त्याच्या दिवसांपैकी नव्हती. पुन्हा गाडी, पुन्हा साठ किलोमीटर. जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत फटफटले होते. मुलगी वाचली, मूल वाचले नाही.

तिच्या बापाने पुढे मला ते कागद दाखविले. दोन्ही चिठ्ठ्यांवर, दोन निराळ्या हस्ताक्षरांत, एकच वाक्य होते: 'पुढील उपचारार्थ पाठविले.' त्यातले एकही अक्षर खोटे नव्हते. केंद्रातल्या डॉक्टरने आपले काम केले होते, बाईंनी आपले, गाडीच्या चालकाने आपले. संतापाने बोट दाखवावे असा एकही माणूस त्या रात्रीत मला सापडला नाही, आणि या विषयाकडे मी गंभीरपणे पाहू लागलो तो त्यामुळेच. दोषी माणूस सापडला असता तर त्याला निलंबित करून आपण सारे मोकळे झालो असतो.

आपली चूक गणिताची आहे. रुग्णालयाची क्षमता आपण बेरजेने मोजतो: इतक्या खाटा अधिक इतके डॉक्टर अधिक इतकी उपकरणे. वस्तुतः हा हिशेब गुणाकाराचा आहे. सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी शस्त्रक्रिया करणारा हात हवा, भूल देणारा हवा, रक्त हवे, वीज हवी, अर्भकाला सांभाळणारी शिकलेली परिचारिका हवी. यांतले कोणतेही एक शून्य झाले की गुणाकार शून्यच येतो. मग उरलेल्या चारांवर झालेला खर्च कितीही मोठा असो. शाळेतला पाचवीचा विद्यार्थीही हे सांगेल. मात्र आपले अंदाजपत्रक आणि आपले आढावे दरवर्षी बेरीजच करीत असतात.

असा विचार यापूर्वी कोणी केलाच नव्हता असे मात्र नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, जो अहवाल दिला, त्यात दूरच्या पल्ल्याचे उद्दिष्ट म्हणून दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे प्राथमिक आरोग्यकेंद्र सुचविले होते, आणि तेही डॉक्टर, परिचारिका व इतर सेवकवर्ग यांच्या पुऱ्या ताफ्यासह. तात्पुरती सोय म्हणून चाळीस हजारांमागे एक केंद्र चालेल, असे समितीने म्हटले होते. आज आपला मान्य निकष सपाट प्रदेशात तीस हजारांमागे आणि डोंगराळ वा आदिवासी भागात वीस हजारांमागे एक केंद्र, आणि त्यात खाटा सहा, असा आहे. म्हणजे भोर समितीने जी तात्पुरती सोय म्हणून सांगितली, तिच्याच आसपास आपण पाऊणशे वर्षांहून अधिक काळ घुटमळत आहो. त्याच्या वरची पायरी म्हणजे आपले ग्रामीण रुग्णालय. तेथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार विशेषज्ञ असावेत हा नियम. देशभरच्या अशा ग्रामीण केंद्रांचा हिशेब पाहिला, तर गरजेच्या मानाने सुमारे ऐंशी टक्के विशेषज्ञ कमी आहेत, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी गेली काही वर्षे सांगत आहे. पाचांतली चार खुर्च्या रिकामी असलेली कचेरी आपल्यातल्या कोणत्याही कारकुनाने एक आठवडा तरी चालवून दाखवावी.

डॉक्टर खेड्यात जात नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात एक प्रकारचा नैतिक आवेश असतो. मला तो फारसा पटत नाही. एखादा भूलतज्ज्ञ उद्या मोठ्या ध्येयवादाने तालुक्याला गेला, आणि तेथे शल्यचिकित्सकच नसला, तर तो भूल देणार कोणाला? वर्षभरात त्याची विद्या गंजते, रात्रीच्या पाळीला बदली माणूस नसल्यामुळे तो वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस एकटाच जबाबदार ठरतो, आणि एखादा रुग्ण दगावला की जमाव त्याच्याच अंगावर येतो. निवासस्थान गळके, मुलांच्या शाळेची पंचाईत, नेमणूक पुष्कळदा कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नव्याने आदेश. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकलेल्यांना सेवेचे बंधपत्र असते हे खरे. परंतु दंड भरून त्यातून सुटका करून घेण्याची सोयही कित्येक वर्षे होती, आणि जे गेले तेही वर्षभर पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची पुस्तके घेऊन बसले. सक्तीने माणूस हजर करता येतो, टिकविता येत नाही.

येथे न्यायाची एक गोष्ट नोंदविली पाहिजे. महाराष्ट्राने काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. २०१८–२० या काळात देशाचा मातामृत्युदर लाख जिवंत जन्मांमागे ९७ होता, तेव्हा आपला ३३ होता. केरळ सोडले तर एवढा कमी कोणाचाच नव्हता. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावू लागल्या. आशा कार्यकर्त्या घरोघर जातात. प्रसूतीत मरण का ओढवते याचा विचार करणारे शास्त्रज्ञ तीन विलंब सांगतात: दवाखान्यात जायचे ठरविण्यातला, तेथे पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिले दोन आपण पुष्कळ कमी केले. म्हणजे अडाणी जनतेला शहाणे करण्याचे काम बव्हंशी झाले आहे. जनता दारापर्यंत आली आहे. तिसरा विलंब दाराच्या आत आहे, आणि तो जनतेचा नव्हे.

दारातून परत फिरलेला हा ओघ जातो कोठे? तो जिल्ह्याला जातो, आणि तेथून वैद्यकीय महाविद्यालयाला. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळच्या कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते. नांदेडनंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, चौकश्या झाल्या, मंत्र्यांच्या भेटी झाल्या आणि एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. औषधे होती की नव्हती यावर आठवडाभर वाद रंगला. मला त्या वेळी वेगळीच यादी पाहावीशी वाटत होती: ती अर्भके कोणकोणत्या तालुक्यांतून आली, वाटेत किती दवाखान्यांना शिवून आली, आणि प्रत्येक दवाखान्यात कोणता माणूस नव्हता. मंजूर खाटांहून कितीतरी अधिक रुग्ण ज्या रुग्णालयात जमिनीवर गाद्या घालून निजवावे लागतात, ते रुग्णालय सभोवारच्या जिल्ह्यांतल्या रिकाम्या खुर्च्यांचा भार वाहत असते. कोसळते ते शेवटचे घर. तडे मात्र आधीच्या साऱ्या घरांना गेलेले असतात.

यावर गेल्या काही वर्षांत जो उपाय पुढे आला आहे तो विम्याचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली, महात्मा जोतिराव फुले यांचे नाव तिला मिळाले, दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. या योजनेने अनेकांच्या हृदयावरच्या शस्त्रक्रिया झाल्या, अनेक घरे कर्जातून वाचली. तिची टवाळी करणारांत मी नाही. आरोग्यावरच्या एकूण खर्चांतला जो भाग लोक स्वतःच्या खिशातून करतात, तो २०१३–१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचे सरकारी लेखे सांगतात. परंतु विम्याचे कार्ड हे बिल भरण्याचे आश्वासन आहे, डॉक्टर पुरविण्याचे नव्हे. ते कार्ड घेऊन जेथे जायचे ती रुग्णालये बहुतांशी शहरांत आहेत. त्या शिपायाच्या मुलीच्या हातात त्या रात्री पाच लाखांचे कार्ड असते, तरी ते भूलतज्ज्ञाच्या जागी उभे करता आले नसते. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हेही स्वागतार्हच. मात्र जे मुळात मिळत नाही ते फुकट झाल्याने मिळू लागत नाही.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे हे पान वाचणाऱ्यांविषयी. आपण शिक्षक, कारकून, निवृत्तिवेतनधारक. आपल्यापैकी अनेकांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. बिले तीन प्रतींत जोडावी लागतात, कोषागारात त्रुटी निघतात, ते सारे खरे. पण त्या बिलाच्या आधारावर आपण खासगी रुग्णालयात जातो. सरकारी दवाखान्याच्या रांगेतून आपण उठून आलो आणि येताना आपला आवाजही घेऊन आलो. तक्रार अर्ज कसा लिहावा, जावक क्रमांक कसा घ्यावा हे ज्यांना येते, ते त्या रांगेत राहिले नाहीत. आणि तिकडे आपले भले झाले असे तरी म्हणावे काय? त्याच सर्वेक्षणानुसार देशभरच्या खासगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत सुमारे १४ टक्के. एकीकडे गरज नसता पोट फाडले जाते आणि दुसरीकडे गरज असता भूल द्यायला माणूस नाही. या दोन गोष्टी एकाच राज्यात, साठ किलोमीटरच्या अंतराने घडतात.

मग करायचे काय? पैसा हवा, हे उघड आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१–२२ मध्ये, तेही महासाथीच्या वर्षात, तो १.८४ टक्के होता. परंतु आहे त्या पैशातही एक गोष्ट करता येईल, आणि ती राजकीयदृष्ट्या अवघड आहे. तीन तालुक्यांत एकेक विशेषज्ञ विखरून ठेवण्यापेक्षा तिघांनाही एका जागी बसवावे आणि ते एक रुग्णालय चोवीस तास, बाराही महिने, पुरे चालवावे. तामिळनाडूने प्रसूतीच्या आणीबाणीसाठी निवडक रुग्णालये अशा रीतीने उभी केली. २०१८–२० च्या सरासरी मातामृत्युदरात आपण त्यांच्या पुढे होतो, हे मान्य करूनही, माणसे कोठे बसवावी आणि औषधे कशी खरेदी करावी हे त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. त्यांचे औषधखरेदीचे महामंडळ १९९४ पासून आहे. आपण मात्र खरेदीची व्यवस्था एकदा हाफकिनकडे सोपविली आणि पुढे २०२३ मध्ये तिच्यासाठी निराळे प्राधिकरण केले. शिवाय साध्या एमबीबीएस डॉक्टरला अठरा आठवड्यांचे शिक्षण देऊन प्रसूतीच्या संकटात भूल देण्यास तयार करण्याची केंद्राची योजना जुनीच आहे. ती रखडली ती असे शिकलेले डॉक्टर पुन्हा जेथे शस्त्रक्रियाच होत नाहीत तेथे बदलून गेले म्हणून. बदल्यांच्या आदेशावर सही करणाऱ्याने त्या डॉक्टरला कोणते शिक्षण मिळाले आहे हे वाचले, तरी बरेच साधेल.

यात अडचण एवढीच, की उरलेल्या दोन तालुक्यांना 'तुमच्याकडे रात्री शस्त्रक्रिया होणार नाही' असे सांगावे लागेल. कोणता आमदार हे सांगेल? पण आजही तेथे होत नाहीच. फक्त ते कोणाला आधी कळत नाही. त्या मुलीला आरोग्य केंद्रातून सरळ जिल्ह्याला नेले असते, तर ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीवर गेलेला पाऊण तास वाचला असता. तेव्हा श्रेणीवाढीचा फलक लावण्याआधी शासनाने दुसरा एक फलक लावावा. जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयात आज रात्री भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि रक्त आहे की नाही, ते रोज सायंकाळी सहा वाजता खडूने त्यावर लिहावे, आणि तोच मजकूर प्रत्येक आरोग्य केंद्राला व १०८ च्या प्रत्येक चालकाला कळवावा. त्याला खर्च खडूचा येईल.