पावसाळ्यात तुमचे कपडे कुठे वाळतात?

जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या दवाखान्यात दोन तक्रारी हमखास वाढतात. पहिली म्हणजे जांघेत, कमरेला किंवा काखेत उठणारे लालसर, खाजणारे गोल चट्टे, म्हणजेच गजकर्ण. दुसरी म्हणजे रात्री अंथरुणावर पडल्यावर वाढणारा खोकला आणि दमा. या दोन्ही रुग्णांना मी औषध लिहिण्याआधी विचारतो, "घरात कपडे कुठे वाळत घालता?" बहुतेकांना या प्रश्नाचे आश्चर्य वाटते. उत्तर मात्र ठरलेले असते, "बेडरूममध्येच डॉक्टर, दुसरी जागा कुठे आहे?"

मागच्या पावसाळ्यात अंबड एमआयडीसीत काम करणारा एक तरुण आला होता. चार महिन्यांत तीन वेगवेगळी मलमे लावून झाली होती. मलम लावले की आठ दिवस बरे वाटायचे, थांबवले की चट्टा आधीपेक्षा मोठा व्हायचा. पुढे पत्नीला आणि लहान मुलीलाही तेच झाले. चौकशी केल्यावर कळले की कामाचे कपडे दोनच जोड, रात्री धुवायचे आणि सकाळी दमट असले तरी तसेच अंगात घालायचे. टॉवेल तिघांत एक. अशा घरात मी कितीही चांगले औषध लिहिले तरी ते एकटे पुरे पडणार नाही.

खोलीतले पाणी जाते कुठे?

नाशिकच्या उन्हाळ्यात दोन तासांत कपडे कडकडीत वाळतात, त्यामुळे आपण या प्रश्नाचा कधी विचारच करत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांना चौक होता, पावसात पडवीत किंवा माडीवर वलणी बांधलेली असे आणि वारा आरपार जात असे. आज गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इथल्या फ्लॅटमध्ये बाल्कनी काचा लावून हॉलमध्ये घेतलेली असते. उरलेल्या बाल्कनीत कपडे बाहेरून दिसू नयेत असा काही सोसायट्यांचा नियम असतो. मग कपड्यांचा स्टँड येतो पलंगाशेजारी, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकी बंद.

आता एक साधा हिशेब पाहा. मशीनने पिळलेल्या पाच किलो कपड्यांत अजून दोन-अडीच लिटर पाणी असते. दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा २५ अंश तापमानाला फार तर पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. पावसाळ्यात ती आधीच जवळजवळ भरलेली असते. म्हणजे बंद खोलीत कपड्यांतल्या पाण्याला जायला जागाच नसते. ते गादीत, उशीत, कपाटामागच्या भिंतीत मुरते. कपडे दोन दिवस दमट राहतात, त्यांना कुबट वास येतो आणि भिंतीवर काळे ठिपके दिसू लागतात. नुसता पंखा लावला तर तीच ओली हवा खोलीत फिरत राहते.

त्वचेचे आणि श्वासाचे नुकसान

गैरसमज नको, ओल्या कपड्यातून आपोआप गजकर्ण जन्माला येत नाही. ही बुरशी दुसऱ्या माणसाकडून, जनावराकडून किंवा सामायिक टॉवेल-कपड्यांतून येते. पण दमट कपडा दिवसभर अंगाला घासत राहिला की त्वचेचा वरचा थर मऊ पडतो आणि बुरशीला तिथे ठाण मांडणे सोपे जाते. त्यात आज आपल्याकडचे गजकर्ण पूर्वीसारखे सरळ राहिलेले नाही. २०२० मध्ये या बुरशीच्या एका प्रकाराला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले. नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध त्यावर अनेकदा काम करत नाही.

हे अवघड होण्यात भर घालतात ती क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखी स्टेरॉइड घातलेली मिश्र मलमे. त्यांनी खाज थांबते, पण बुरशी पसरते. अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. तरी ती सहज मिळतात आणि आपण ती शेजाऱ्यालाही सुचवतो. कृपया हे थांबवा.

दम्याचेही तसेच. दमट खोलीत गादीतले धूळकिडे आणि भिंतीवरची बुरशी दोन्ही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरातली ओल आणि बुरशी यांचा संबंध दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी जोडलेला आहे. घरात दम्याचे मूल असेल तर त्याच्या झोपायच्या खोलीत ओले कपडे अजिबात नकोत.

मग ड्रायर घ्यावा का?

आधी शब्दाचा घोळ सोडवू. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ज्या टबला आपण ड्रायर म्हणतो तो कपडे फक्त पिळतो, वाळवत नाही. गरम हवेने वाळवणारा खरा ड्रायर वेगळा. साध्या प्रकारचा ड्रायर एका फेरीला तीन-चार युनिट वीज घेतो, हीट पंपवाला साधारण निम्मी. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, तान्हे बाळ किंवा तीव्र दम्याचा रुग्ण घरात असेल, गच्ची-बाल्कनी नसेल आणि परवडत असेल, तर जरूर घ्या. त्याची दमट हवा नळीने घराबाहेर सोडा आणि जाळीतला लिंट प्रत्येक वेळी काढा, साठलेला लिंट पेट घेऊ शकतो. बाकीच्या घरांना, माझ्या मते, चार पावसाळी महिन्यांसाठी त्याची गरज नाही. ड्रायर आहे म्हणून गजकर्ण होणार नाही, असेही समजू नका.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. बाळाची दुपटी वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत काही घरांत अजून आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवावर बेतू शकते.

बिनखर्चाचे उपाय

१. कपडे दोनदा स्पिन करा. पाणी पिळून काढायला लागणारी वीज ते वाफ करून काढण्यापेक्षा कितीतरी कमी असते.

२. स्टँड झोपायच्या खोलीबाहेर, उघड्या खिडकीजवळ ठेवा. जागा नसेल तर बाथरूममध्ये दोरी बांधा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा आणि दार लावून घ्या.

३. दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवा. एकावर एक टाकलेले कपडे वाळत नाहीत, कुजतात.

४. अंतर्वस्त्रे, मोजे आणि शाळेचा गणवेश उलटे करून गरम इस्त्री करा, शिवणीवर आणि कमरपट्ट्यावर विशेष. इस्त्रीनंतर थोडा वेळ हवेवर ठेवून मगच घाला.

५. गजकर्ण असलेल्याचे कपडे आणि टॉवेल वेगळे ठेवा, जमेल तेव्हा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. घरातल्या सर्व बाधितांचे उपचार एकाच वेळी करा.

६. उघडीप मिळाली की कपड्यांबरोबर गाद्या-उशाही उन्हात टाका.

शेवटी सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. इमारत सुंदर दिसावी हे मलाही पटते. पण बाल्कनीत दोरी नको म्हणताना ते कपडे कुठे जाणार, याचाही विचार करा. गच्चीवर एक पत्र्याची, चारही बाजूंनी मोकळी शेड आणि दहा दोऱ्या एवढे केले तरी पुरे. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगबरोबर हाही विषय घ्या.

त्या तरुणाने कपड्यांचा तिसरा जोड घेतला, टॉवेल वेगळे केले आणि स्टँड खोलीबाहेर काढला. औषधे तिघांनीही एकदमच आणि पूर्ण मुदतीपर्यंत घेतली. दिवाळीच्या सुमारास तिघेही बरे होते. तुम्हीही आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाहा, तुमच्या पलंगाशेजारी काय वाळत आहे.