घर आवरा, पण कागद शेवटी

तेरावा झाला की दुसऱ्याच दिवशी गेलेल्या माणसाचं घर आवरायला काढायचं, ही आता रीतच होऊन बसली आहे. पुण्या-मुंबईची मंडळी आलेली असतात, रजा संपत आलेली असते, पुन्हा सगळे कधी एकत्र येणार? त्या घाईत भांडी वाटली जातात, कपडे बांधले जातात आणि कागद रद्दीत जातात. भांड्याकपड्यांबद्दल माझी तक्रार नाही. कागदांच्या बाबतीतली घाई मात्र मला मान्य नाही.

सांगलीच्या गावभागातली माझी आत्या गेली. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून आवराआवर माझ्यावर आणि धाकट्या भावावर आली. तांब्याचा बंब भावाने नेला, लुगडी तिचं सगळं करणाऱ्या मावशींना दिली. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. "ताई, त्यात नुसती रद्दी आहे, घालून टाकू," भाऊ म्हणाला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गावभाग बुडाला, तेव्हा माळ्यावर असल्यामुळेच ती ट्रंक वाचली होती. मी ती उघडायला लावली.

वरच आजोबांची साताऱ्याहून आलेली कार्डं होती. पत्त्यात 'जि. दक्षिण सातारा'. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. मधली ती वर्षं या कार्डांवर जशीच्या तशी होती. मजकुरात पावसाची ओढ, हळदीचा भाव, म्हैस व्याल्याची खबर. खाली आत्याच्या जमाखर्चाच्या वह्या. १९७२ च्या, म्हणजे दुष्काळाच्या वहीत नोंद होती : 'पाटल्या गहाण. दादाकडे विहिरीसाठी पाठवले.' दादा म्हणजे माझे वडील. त्याच विहिरीवर आमची शेती तगली. पुढे आत्याने माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही केली, तेव्हा 'तिला काय कमी आहे' असंच घरात सगळे म्हणत. त्या सहीमागे काय होतं, हे त्या एका ओळीने आम्हाला सांगितलं. ती वही किलोच्या भावात गेली असती, तर घराचा खोटा इतिहासच पुढच्या पिढीकडे गेला असता.

या भागाला हे नव्याने सांगावं लागू नये. वि. का. राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो वाईत सापडलेल्या कागदांवर. मिरजेत शाळामास्तर असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. ते कागद कुणीतरी टाकून दिले नव्हते, म्हणून हे घडलं. राजेरजवाड्यांची दप्तरं मोलाची आणि बायकांच्या जमाखर्चाच्या वह्या रद्दी, हा भेद मला पटत नाही. दुष्काळात सामान्य घरांनी कसे दिवस काढले, हे असल्या वह्यांतच सापडतं. स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या काळात इथल्या ज्या गावांनी भूमिगतांना आसरा दिला, तिथल्या माळ्यांवर काय असेल, याचा आजच्या वारसांनी विचार करावा.

सगळं साठवून ठेवा, असं मी म्हणत नाही. घर विकायचं असतं, भाड्याने द्यायचं असतं. ते रिकामं करावंच लागतं. पण कागदांची पेटी बाजूला काढा आणि वर्षश्राद्धापर्यंत तिला हात लावू नका. पासबुकं, विम्याचे आणि जमिनीचे कागद तेवढे आधी वेगळे करा, वारसनोंदीला ते लागतात. मग घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवून उरलेलं वाचा. फोटोतले चेहरे तीच ओळखेल. फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहा. मोडी वाचता येत नसेल, तर जाणकाराला दाखवा. एवढं झाल्यावर जे नको असेल, ते खुशाल रद्दीत घाला.