पास तपासता, मग फेरी कोण तपासणार?



गेल्या वेचणीच्या हंगामात एका फाट्यावर सकाळच्या एसटीची वाट पाहत उभा होतो. शेजारी एक विधवा बाई होती, वय साठीच्या अलीकडचे, हातात कागदांची पिशवी. निराधार योजनेचे पैसे तीन महिने खात्यात आले नव्हते, म्हणून ती तिसऱ्यांदा तालुक्याला निघाली होती. पहिल्या खेपेला हयातीचा दाखला मागितला. दुसऱ्या खेपेला उत्पन्नाचा. आता आधार खात्याला जोडलेले नाही म्हणून बोलावले होते. साडेआठची गाडी आलीच नाही. शेवटी ती काळीपिवळीत बसून गेली. जाऊन-येऊन ८० रुपये गेले आणि त्या दिवसाची वेचणी बुडाली ती वेगळी.

एसटीत बाईमाणसाला अर्धे तिकीट आहे. पण न आलेल्या गाडीचे अर्धे तिकीट म्हणजे किती? हे गणित मला कृषी महाविद्यालयात कोणी शिकवले नाही.

सवलती कोणाला आहेत ते आधी नीट पाहू. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे भाडे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे भाडे. अपंगांना आणि काही आजारांच्या रुग्णांना वेगळ्या सवलती आहेत. आजी-माजी आमदारांना तर प्रवास फुकटच आहे. या सगळ्या यादीत एक माणूस शोधून सापडत नाही. केवळ निराधार आहे म्हणून ज्याला पास मिळावा, तो.

निराधार कोण, हे सरकारला माहीत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. संजय गांधी निराधार योजनेत बसायचे तर बहुतेकांना कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत दाखवावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा दाखला आणि समितीची मंजुरी एवढ्या चाळण्यांतून नाव खाली उतरते, तेव्हा कुठे २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. म्हणजे सगळ्यात गरीब माणूस कोण, याची सही-शिक्क्याची यादी तहसील कचेरीच्या कपाटात तयार आहे. तरी ६० वर्षांचा निराधार गडी अपंग नसेल तर एसटीत पूर्ण तिकीट काढतो, आणि त्याच गाडीत ७६ वर्षांचे पेन्शनवाले साहेब फुकट बसतात. साहेबांचा पास काढून घ्या असे मी म्हणत नाही. वयाला मान असू द्या. पण वयाचा हिशेब होतो आणि गरजेचा होत नाही, ही पात्रता कोणत्या शहाण्याने ठरवली?

आता कोणी म्हणेल, आपण घामाचे दाम मागणारे लोक, फुकटचे पास मागत कशाला फिरायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर साधे आहे. ही बाई हौसेने तालुक्याला जात नाही. सरकार तिला बोलावते. हयात आहेस हे दाखव, गरीब आहेस हे दाखव, अंगठा जुळतो का ते दाखव. कोर्ट साक्षीदाराला बोलावते तेव्हा त्याचा भत्ता देण्याची कायद्यात सोय आहे. ज्याने बोलावले त्याने येण्याजाण्याचा खर्च सोसावा, हा व्यवहार आहे. याला भीक म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप तोट्याचा. २०२५ च्या फेब्रुवारीत खुद्द परिवहन मंत्री म्हणाले की सवलतींमुळे एसटीला रोज तीन कोटींचा तोटा होतो. लोक चिडले, तेव्हा सवलती बंद होणार नाहीत असा खुलासा सरकारला करावा लागला. पण मूळ वाक्य तपासा. सवलतीची रक्कम सरकारने एसटीला भरून द्यायची असते. ती पूर्ण आणि वेळेवर दिली तर सवलतीने तोटा कसा होईल? आणि तोटा होत असेल तर रक्कम कमी दिली जाते किंवा उशिरा दिली जाते, तिसरा अर्थ निघत नाही. उधारी सरकारची आणि बोट मात्र म्हातारीकडे! शिवाय याच सरकारने एसटीच्या भाड्यावर वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर घेतला. एका हाताने सूट द्यायची, दुसऱ्या हाताने कर घ्यायचा आणि मग गाडी तोट्यात म्हणून फेरी बंद करायची. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेही याच प्रवाशाच्या खिशातून.

आता फसवणुकीबद्दल. आधारवर वय वाढवून फुकट फिरणारे आहेत, हे नाकारायचे कारण नाही. आपल्या गावातला कोणी असे करत असेल तर त्याला पाठीशी घालू नका. त्याच्या एका खोट्या कार्डामुळे दहा खऱ्या म्हाताऱ्यांना वाहकाचे बोलणे ऐकावे लागते. पण दुसरी बाजूही बघा. आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीख १ जानेवारी का असते? नोंद करणाऱ्याने अंदाजाने टाकली म्हणून. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात वय ठरवताना आधारवरची तारीख धरली नाही, शाळा सोडल्याचा दाखला धरला. जी कधी शाळेतच गेली नाही, त्या आजीने काय दाखवायचे? वाहकाने तिला फाट्यावर उतरवायचे, हा न्याय नव्हे. आणि वाहकालाही दोष देऊ नका. चूक निघाली तर वसुली त्याच्याकडून होईल, ही धास्ती त्याच्या डोक्यावर असते.

आपण कापूस खरेदी केंद्रावर काय पाहतो? यंत्र लावून आपल्या कापसाचा ओलावा मोजतात. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. ठीक आहे, मोजा. पण काट्यावर वैधमापनाचा शिक्का आहे का, हे विचारायला आपण शिकलो, तेव्हाच माप सरळ झाले. पासाचेही तसेच आहे. तपासणी एकाच बाजूची असली की ती गरिबाच्या मानेवर बसते. ती दोन्ही बाजूंची हवी. म्हणून जिल्हा सभेपुढे चार मागण्या ठेवत आहे.

एक. निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या मंजूर यादीतील प्रत्येकाला साध्या गाडीचा जिल्ह्यापुरता मोफत पास मिळावा. नवा अर्ज नको, नवा दाखला नको. तहसीलची यादी आगाराकडे जावी आणि फोटोचा पास ग्रामपंचायतीत हातात पडावा.

दोन. यादीचे वाचन वर्षातून एकदा, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्हावे. मयत आणि गाव सोडून गेलेले तिथेच कमी करावेत, सुटलेले तिथेच सुचवावेत. कोण हयात आहे हे गावाला यंत्रापेक्षा चांगले कळते. नाव वाचा, पण कोणाचा आजार वाचू नका.

तीन. पासाबद्दल शंका आली तर वाहकाने फक्त क्रमांक लिहून घ्यावा. माणूस गाडीतून उतरवू नये. चौकशी नंतर व्हावी, ती गावात व्हावी, आणि लबाडी सिद्ध झाली तर वसुली लबाडाकडून व्हावी, वाहकाकडून नव्हे.

चार. प्रत्येक आगाराने दर महिन्याला फलक लावावा. सवलतीची तिकिटे किती निघाली, सरकारकडे किती रक्कम मागितली, किती आली. आणि त्याखाली प्रत्येक मार्गाच्या ठरलेल्या फेऱ्या किती, सुटल्या किती, रद्द झाल्या किती. सवलतीची तिकिटे वाहकाच्या यंत्रातून निघतात, म्हणजे आकडे आहेतच. शेजारच्या कर्नाटकात ११ जून २०२३ पासून साध्या गाड्यांतून महिलांना शून्य रुपयाचे तिकीट देतात आणि त्यावरच सरकारकडे पैसे मागतात. आपल्याकडे हे आकडे फलकावर लिहायला फक्त खडू लागतो.

चौथी मागणी सगळ्यात महत्त्वाची आहे. गाडीच नसेल तर पहिल्या तीन मागण्यांचे कागद होतील.

पण मागणी करायची तर आपल्या हातात पुरावा हवा. पावसाची नोंद नसेल तर पीकविम्याच्या भांडणात आपण कसे तोंडघशी पडतो, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून पुढच्या सभेपर्यंत प्रत्येक गावाने एक वही घालावी. फाट्यावरच्या दुकानदाराकडे ठेवा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोरींकडे द्या, गाडीची सगळ्यात जास्त वाट त्याच पाहतात. रोज तीनच गोष्टी लिहा: गाडीची वेळ, आली की नाही, किती उशिरा आली. मुक्कामाची गाडी बंद झाली असेल तर कोणत्या महिन्यापासून, तेही लिहा. शेवटच्या पानावर गावातील निराधारांची संख्या आणि तालुक्याला त्यांना किती खेपा पडल्या ते लिहा.

तीस दिवसांची वही खोटी ठरवणे कोणत्याही साहेबाला सोपे नाही. सभेला येताना ती बरोबर आणा. सगळ्या वह्या घेऊन आपण आगारात जाऊ. आणि जाताना एसटीनेच जाऊ, तिकीट काढून.