कॉपीची सवय प्रकल्पवहीतच मोडूया



नववीच्या प्रकल्पवह्या तपासत होतो. ‘माझे गाव’ या विषयावर एका मुलानं लिहिलं होतं, की गावासमोर समुद्र आहे आणि घरामागे नारळी-पोफळीच्या बागा. गाव कोणतं, तर आपल्या बीड जिल्ह्यातलं! स्टाफरूममध्ये हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. या मुलाचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ राहतो. लिहायला त्याच्याजवळ केवढं तरी होतं. पण तो म्हणाला, “सर, नेटवरचं भारी असतं.” खरं सांगायचं तर, आदल्या वर्षी अशाच एका उतरवलेल्या वहीला मीच पैकीच्या पैकी गुण दिले होते.

हाच मुलगा उद्या पीएच.डी. करेल. तेव्हा वहीच्या जागी संशोधनपत्रिका येईल, रीत तीच राहील. चार लेखांतलं उचलायचं, जोडायचं आणि वर आपलं नाव टाकायचं. नोकरी-बढतीसाठी लेख मोजले जाऊ लागले, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं निघाली. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली.

त्याच वर्षी आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्ती. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. प्राध्यापकाच्या छापील लेखात ४० ते ६० टक्के साम्य सापडलं, तर लेख मागे घ्यावा लागतो आणि एक वेतनवाढही जाते.

नियम हवेतच. पण सॉफ्टवेअर जुळवतं ते शब्द. इंग्रजी लेख मराठीत उतरवून आपला म्हणून दिला, तर चोरी सहज निसटू शकते. शब्द फिरवून टक्के खाली आणले, की चोरी थांबत नाही, फक्त लपते. म्हणून माझं मत असं, की संपादकाने टक्क्यांवर न थांबता लेखकाला दोन प्रश्न विचारावेत : हे तुम्हाला कुठून कळलं? आणि यात तुमचं स्वतःचं काय?

हे दोन प्रश्न आपल्या मातीला नवे नाहीत. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधू’ परंपरेने शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. आपण मराठीत जे बोललो ते शंकराचार्यांच्या वचनांच्या आधाराने, असं ते त्यात स्वच्छ सांगतात. तेवढ्यानं ते लहान झाले नाहीत. आपण त्यांना आद्यकवी म्हणतो.

मग आपण काय करायचं? शिक्षकांनी वहीच्या शेवटी ‘हे मला कुठून कळले’ असं एक पान ठेवावं आणि निम्मे गुण मुलाच्या स्वतःच्या निरीक्षणाला द्यावेत. पालकांनी प्रकल्प स्वतः करून देऊ नये, विकत तर मुळीच आणू नये. वही साधी दिसली तरी चालेल.

त्या मुलाला मी वही परत दिली. त्यानं दीड पान लिहून आणलं. दिवाळीनंतर गल्लीत किती घरांना कुलूप लागतं, ते मोजून लिहिलं होतं. अक्षर वाकडं, शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच. खाली मात्र न सांगता लिहिलं होतं : “घरं मी मोजली. बाकी माहिती आजीने सांगितली.”